पहिली गाडी, दुसरा मालक

जुन्नर, आंबेगाव, खेड या पट्ट्यात अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराची पहिली चारचाकी बहुधा जुनी पिकअप असते. सहा-सात वर्षं दुसऱ्या कुणीतरी राबवलेली, हौद्याला नव्याने रंग मारलेली, मागच्या फळीवर आधीच्या मालकाच्या मुलांची नावं पुसट दिसणारी. बारावी झालेली असते, पुढे शिकायचं की नाही हे ठरत नसतं. घरी दोन-तीन एकर बागायत असते आणि माल बाजारात न्यायला दर खेपेला दुसऱ्याच्या गाडीची वाट बघावी लागते. मग एका संध्याकाळी घरात विषय निघतो, आपलीच गाडी घेऊ. पोरगं चालवील, घरचा माल वेळेवर जाईल, वर चार भाडी मिळतील.

अनेक घरांसाठी जमीन आणि विहीर सोडली तर एवढ्या मोठ्या रकमेचा हा पहिलाच व्यवहार असतो. तो करायला जातो अठरा वर्षांचा मुलगा, त्याचा मामा किंवा चुलता, आणि गाडीतलं कळतं असं गाव ज्याच्याबद्दल म्हणतं असा एखादा माणूस. नारायणगाव, ओतूर, आळेफाटा, मंचर इथे अशा पोरांशी, त्यांच्या घरच्यांशी आणि गॅरेजवाल्यांशी बोलताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येत राहिली. इंजिनाची चौकशी सगळे करतात. गाडी आज कुणाच्या नावावर आहे आणि ती आपल्या नावावर कधी होणार, हे विचारणारे फार थोडे. पोरं अडचणीत येतात ती मात्र जास्त करून या दुसऱ्या प्रश्नापाशी.

नारायणगावचा टोमॅटो बाजार ज्यांनी हंगामात पाहिला आहे त्यांना पिकअपची ओढ समजावून सांगावी लागत नाही. वीस किलोचा क्रेट हे इथलं माप. तोडणी दुपारपर्यंत उरकते आणि माल त्याच दिवशी बाजारात लागतो, कारण पिकलेला टोमॅटो एक रात्रही थांबत नाही. शेतातून डांबरी रस्त्यापर्यंतची वाट ट्रॅक्टरची, तिथून पुढे घाई. मोठा टेम्पो बांधावर येऊ शकत नाही, तीनचाकीला चढ झेपत नाही आणि एका घराचा माल दहा टनी ट्रक भरण्याइतका नसतो. साठ-सत्तर क्रेट घेऊन चिखलातून निघेल आणि महामार्गावरही धावेल अशी गाडी हवी असते.

ही गरज ओळखून २००५ मध्ये टाटा मोटर्सने एस बाजारात आणली. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखाली घडलेली, दोन सिलिंडरच्या डिझेल इंजिनाची ही छोटी गाडी. गावाने तिला छोटा हत्ती केलं आणि तेच नाव टिकलं. तिच्याहून थोरली बोलेरो पिकअप. महिंद्रांनी स्वातंत्र्याच्या सुमाराला मुंबईत विलिज जीप जोडायला सुरुवात केली, त्याच घराण्यातली ही गाडी. शिडीसारखी लोखंडी चासी, मागे पाट्यांच्या कमानी, पुढे लांब नाक. कुठल्याही फाट्यावरचा मेकॅनिक ती डोळे मिटून उघडतो आणि सुटे भाग तालुक्याच्या गावात मिळतात. म्हणून जुनी घ्यायची म्हटलं की दहातली बरीच घरं तिच्याकडेच वळतात. त्यातही २०२० च्या एप्रिलआधीची, म्हणजे बीएस-४ इंजिनाची गाडी मागितली जाते. बीएस-६ आल्यावर डिझेल गाड्यांत सेन्सर आणि धूर स्वच्छ करणारी यंत्रणा वाढली. काही बिघडलं की लॅपटॉप जोडल्याशिवाय दोष कळत नाही. गावच्या गॅरेजवर ज्याचा संसार चालणार आहे त्याने जुनं इंजिन पसंत करणं मला शहाणपणाचंच वाटतं, हवेचा विचार मनात ठेवूनही.

आता पैशांचं. समजा गाडी पाच लाखांना ठरली. दीड लाख घरचे: दुधाचे साठवलेले, थोडे आईच्या दागिन्यांवर सोसायटीतून उचललेले. उरलेले साडेतीन लाख फायनान्सचे. अठरा वर्षांच्या मुलाच्या नावावर कर्जफेडीचा काही इतिहास नसतो, त्यामुळे कर्ज वडिलांच्या नावावर निघतं किंवा वडील सहकर्जदार होतात. एजंट सांगतो, तीन वर्षं, नऊ टक्के फ्लॅट. नऊ टक्के ऐकून घर निश्चिंत होतं. फ्लॅट म्हणजे तिन्ही वर्षं व्याज पूर्ण साडेतीन लाखांवर लागणार, मुद्दल फिटत गेलं तरी. तीन वर्षांचं व्याज ९४,५०० होतं आणि हप्ता साधारण १२,३५०. तोच हप्ता बँकेच्या घटत्या शिलकीच्या पद्धतीने मोजला तर व्याजदर सोळा टक्क्यांच्या थोडा वर जातो. हा आकडा कुणी त्या मुलाला सांगत नाही. आठवीच्या गणितात चक्रवाढ व्याज शिकलेला मुलगा हे स्वतः काढू शकतो, पण ते गणित आणि हे गणित एकच आहे हे त्याला कुणी दाखवलेलं नसतं.

हप्त्याच्या जोडीला विमा. साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीच्या नुसत्या थर्ड पार्टी विम्याचा २०२२ मध्ये ठरलेला वार्षिक दर १६,०४९ रुपये आहे, कर वेगळा. शिवाय फिटनेस: मालवाहू गाडीचं योग्यता प्रमाणपत्र आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी घ्यावं लागतं. म्हणजे सात वर्षांची गाडी घेणारा मुलगा दरवर्षीच्या पासिंगच्या उंबरठ्यावरच उभा असतो. आठ वर्षांनंतर पर्यावरण कराचीही भर पडते. टायर, क्लच प्लेट, बॅटरी वेगळीच.

मिळकतीची बाजूही बघू. नारायणगाव परिसरातून वाशीच्या बाजारात माल न्यायचा, एका बाजूचं अंतर एकशेसाठ किलोमीटर धरू. भरलेली गाडी लिटरला बारा देते असं मानलं तर येण्याजाण्याला पंचवीस-सत्तावीस लिटर, नव्वदच्या भावाने चोवीसशे रुपये. सव्वा टन क्षमतेच्या गाडीत नियमाने साठेक क्रेट बसतात, कारण क्रेटचं स्वतःचंही वजन असतं. क्रेटमागे पन्नास रुपये भाडं धरलं तर तीन हजार. डिझेल वजा जाता सहाशे उरले, त्यातून टोल, चहापाणी, जोडीदाराची मजुरी. शंभर क्रेट भरले तर मात्र पाच हजार होतात. जादा माल का भरला जातो याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. पोरांना बेफिकीर म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडावा. शंभर क्रेट म्हणजे बावीसशे किलोच्या आसपास. तेवढ्या वजनाला त्या गाडीचे ब्रेक बनवलेलेच नाहीत आणि माळशेज उतरताना ते कळतं. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार असा दंड आहे. एकदा पकडलं की दीड महिन्याचा हप्ता गेला.

वाशीच्या फेऱ्यांवर हप्ता फेडू म्हणणाऱ्या घराला माझा सल्ला विचाराल तर मी थांबा म्हणेन. ज्यांची गाडी टिकली ते जवळच्या भाड्यांवर टिकले: मळ्यातून बाजार, बाजारातून मळा, खत, पाइप, चारा, ठिबकची बंडलं, लग्नाची भांडी, आषाढी वारीत दिंडीचं सामान. आणि परतीचं भाडं ज्याला जुळवता येतं तो लांब पल्ल्यालाही तरतो. २०२३ च्या जुलैत इथे टोमॅटोचा क्रेट दोन हजारांच्या पुढे गेला होता; त्याच वर्षी पुढच्या दोन-तीन महिन्यांत भाव इतके पडले की तोडणीही परवडेना. तेजीत घेतलेल्या गाडीचा हप्ता मंदीतही तेवढाच असतो.

गाडी बघायला जाताना काय बघायचं, याचं ज्ञान गावात भरपूर आहे आणि ते खरं आहे. सकाळी जा, इंजिन थंड असताना. पोहोचल्यावर आधी बॉनेटला हात लावायचा. गरम लागलं तर विकणाऱ्याने ती आधीच चालू करून ठेवली आहे, का ते विचारायचं. पहिल्या सेल्फला उठते का, धूर कसा येतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. दाट पांढरा, न थांबणारा, म्हणजे पाणी आत जातंय किंवा डिझेल नीट जळत नाही. काळा असेल तर इंजेक्टर, पंप किंवा हवेची गाळणी. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडायचं. तिथून धाप लागल्यासारखे फुत्कार यायला लागले की रिंग-पिस्टनचं काम आलं. मग चढावर उभी करून क्लच, मोकळ्या रस्त्यावर स्टेअरिंग सोडून गाडी ओढते का, आणि गाडीखाली शिरून चासी.

चासीपाशी मी थोडा जास्त रेंगाळेन, कारण नवखा मुलगा तिथे वाकत नाही. त्याचं लक्ष असतं केबिनकडे, सीट कव्हरकडे, म्युझिक सिस्टिमकडे. केबिनच्या मागे जिथे हौदा सुरू होतो तिथे चासीवर वेल्डिंगचा टाका दिसला, पट्टी मारलेली दिसली, तर गाडी जादा वजनाने मोडून पुन्हा जोडलेली आहे. मागच्या कमानीत कंपनीच्या पाट्यांवर एखादा जादा पाटा टाकलेला असेल तर आधीच्या मालकाने किती भरलं असेल ते समजावं. टायर एकाच कडेने झिजलेले असतील तर धुरा किंवा चासी वाकडी. गाडी हर्णै-रत्नागिरीकडची असेल तर हौद्याच्या तळाचं रबर उचलून बघायलाच हवं: मासळीच्या बर्फाचं खारं पाणी वर्षानुवर्षं झिरपून पत्रा आणि खालचे आडवे अँगल खातं, आणि ताजा रंग ते झाकतो. मीटरवरच्या किलोमीटरवर विश्वास ठेवायचं कारण नाही. ते मागे घेता येतात. ब्रेकच्या पायपट्टीचं रबर, स्टेअरिंगची झीज, गिअरच्या दांड्यावरची पुसलेली अक्षरं यांच्यावरून वापराचा खरा अंदाज येतो. शेवटी चासी नंबर. चासीवर ठोकलेला आकडा आणि आरसीवरचा आकडा एकेक अक्षर जुळवून बघायचा, आजूबाजूला घासल्याच्या खुणा नाहीत हेही.

एवढं झालं की मामा भाव करतो, विसार दिला जातो, पेढे येतात. आणि खरी काळजी जिथे घ्यायची तिथे सगळे घाई करतात.

नेहमीचा प्रकार असा. विकणारा टीटी फॉर्मवर, म्हणजे फॉर्म २९ आणि ३० वर, सही करून देतो. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी होते. गाडी घरी येते, पूजा होते, नारळ फुटतो. नावावर करायचं राहतं, कारण आधीच्या मालकाचं कर्ज पूर्ण फिटलेलं नसतं, किंवा ई-चलनं थकलेली असतात, किंवा नव्या पद्धतीची सुरक्षित नंबर प्लेट लावलेली नसते, आणि हे सगळं मिटवल्याशिवाय आरटीओत काम पुढे सरकत नाही. हंगाम तोंडावर असतो. पुढच्या महिन्यात करू म्हणता म्हणता वर्ष जातं. नोटरी केलेला कागद दोघांमधल्या व्यवहाराचा पुरावा असतो. सरकारदप्तरी आणि अपघातात भरपाईची जबाबदारी ठरताना मालक तोच, ज्याचं नाव आरसीवर आहे.

हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात स्पष्ट केलं. तिथे गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे विकली गेली होती आणि नोंदणी मात्र पहिल्याच्याच नावावर राहिली होती. अपघातात एका मुलाचा जीव गेला. भरपाईची जबाबदारी न्यायालयाने नोंदलेल्या मालकावर ठेवली. विकणाऱ्यासाठी हा निकाल धोक्याची सूचना आहे आणि गावात तो तेवढाच वापरला जातो. घेणाऱ्या मुलाच्या बाजूने कुणी विचार करत नाही.

त्याच्या बाजूने विचार करू. गाडीच्या विम्यात मालक-चालकासाठी पंधरा लाखांचं सक्तीचं अपघात संरक्षण असतं. गाडी चालवताना मालकाचा मृत्यू झाला तर घरच्यांना ती रक्कम मिळते. त्याची अट अशी, की चालवणारा हाच नोंदलेला मालक हवा, विमा त्याच्या नावावर हवा आणि त्याच्याकडे वैध परवाना हवा. आरसी आधीच्या मालकाच्या नावावर असेल तर गाडीचे पैसे देणारा, हप्ते भरणारा, रात्री दोनला घाटात ती चालवणारा मुलगा या संरक्षणाच्या बाहेर असतो. आरसी वडिलांच्या नावावर असेल तरीही मालक-चालक वडील, पोरगा नव्हे. मग त्याच्यासाठी पगारी चालकाचं किंवा वेगळं अपघात संरक्षण विम्यात मागून घ्यावं लागतं. हे मी ज्या ज्या घरात सांगितलं तिथे आधी शांतता झाली आणि मग कुणीतरी पॉलिसीचा कागद शोधायला उठलं.

गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचंही तसंच. नाव बदललं की दुसऱ्याला झालेल्या इजेचा विमा कायद्याने आपोआप नव्या मालकाकडे येतो, मात्र विमा कंपनीला चौदा दिवसांत कळवून पॉलिसी नावावर करून घ्यायची असते. ती केली नाही तर स्वतःची गाडी दरीत गेल्याचा दावा उभा राहत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ पासून हेच धरलं आहे.

म्हणून क्रम उलटा हवा. आधी वाहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून बोजा, फिटनेस, विमा आणि थकलेली चलनं बघायची. बोजा असेल तर फायनान्स कंपनीचा नाहरकत दाखला आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय विसारापलीकडे पैसे द्यायचे नाहीत. उरलेल्या रकमेतून कर्जाचा भाग थेट फायनान्स कंपनीत भरायचा. गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर फॉर्म २८ ची नाहरकतही लागते. राज्यातल्या व्यवहारात विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत कळवावं असं कायदा सांगतो. डीलरकडून घेत असाल तर १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला परिवहन खात्याचं अधिकारपत्र लागतं. ते बघायला मागा. फायनान्सने हप्ते थकले म्हणून ओढून आणलेल्या गाड्या यार्डात स्वस्त दिसतात, त्यांच्याबाबत तर हे सगळं दुप्पट काटेकोरपणे करा. कुणाचा तरी मोडलेला हिशेब त्या गाडीवर बसलेला असतो.

आणि परवाना. कायद्याच्या चौथ्या कलमात वाहतुकीची, म्हणजे पिवळ्या पाटीची गाडी चालवायला वीस वर्षांचं वय लिहिलेलं आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ठरवलं, की हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याला साडेसात हजार किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवायला वेगळी नोंद लागत नाही, आणि वाहतुकीच्या गाड्यांसाठीच्या जादा अटी त्याहून जड गाड्यांनाच लागू होतात. पिकअप या मर्यादेत येते. तरीही अठरा-एकोणीसच्या मुलाच्या वडिलांना मी म्हणेन, आरटीओत आणि विमा कंपनीत जाऊन मुलाचं वय सांगून लेखी विचारून घ्या, कारण दाव्याच्या वेळी वाद घालणारा वकील ते चौथं कलमच आधी उघडतो. वीस पूर्ण होईपर्यंत लांबच्या खेपांना जाणता चालक ठेवून पोराला शेजारी बसवणं हा मार्ग काही घरांनी घेतला आहे आणि ती पोरं पुढे सगळ्यांत नेटकी गाडी चालवतात.

अठराच्या आतल्याला चावी देणाऱ्यांशी मात्र चर्चा करायची माझी तयारी नाही. २०१९ पासून अशा गुन्ह्यात पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड आहे, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. ज्या पोराने पिकअपवर पोट भरायचं ठरवलंय त्याची सात वर्षं त्यात जातात.

एक गोष्ट अजून, अप्रिय पण टाळता न येणारी. दारात पिकअप आली की गावचं वऱ्हाड, जत्रा, दर्शन यांना ती मागितली जाते. चुलती सांगते, बाळा, एवढं सोडून ये. अठरा वर्षांचं पोर नाही म्हणू शकत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये श्रावणातल्या सोमवारी खेड तालुक्यात कुंडेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या बायकांनी भरलेली पिकअप चढावर मागे घसरून दरीत गेली आणि कितीतरी घरांतल्या आया-आज्या गेल्या. हौद्यात बसलेल्या माणसाला मालवाहू गाडीचा विमा वाचवत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये आशा राणी खटल्यात तसं सांगितलं आहे. आपल्या क्रेटसोबत आलेला शेतकरी, मालाचा मालक म्हणून, संरक्षणात येतो. दर्शनाला निघालेली आजी येत नाही. हे नाही म्हणणं पोरावर सोडू नये. गाडी घेतली त्याच दिवशी घरातल्या थोरल्याने भावकीत सांगून टाकावं, की या हौद्यात माणूस बसणार नाही.

गाडी वेळेत नावावर होण्याची सोय बाजारातच करता येईल. तालुक्याच्या गावांत परवान्यांसाठी आरटीओची शिबिरं भरतात. बाजार समित्यांना आपल्या आवारात कोणत्या गाड्या हंगामभर ये-जा करतात हे माहीत असतं. टोमॅटोचा हंगाम सुरू होण्याआधी, मे महिन्यात, नारायणगावच्या किंवा नाशिककडच्या पिंपळगाव बसवंतच्या आवारात दोन दिवस असं शिबिर घ्यावं: नाव बदलण्याची कागदपत्रं तिथेच तपासायची, विमा कंपनीचं टेबल शेजारी ठेवायचं आणि फायनान्सवाल्यांनी नाहरकत दाखल्यांचे अर्ज तिथेच स्वीकारायचे. कायदा आहे, फॉर्म आहेत, पोरंही त्या आवारात रोज येतातच. समित्यांच्या संचालकांनी हे मनावर घ्यावं, आणि येत्या मेपासूनच.